बाजेखालचा हातोडा

लग्न होऊन बल्लारपूरला आले तेव्हा पहिल्याच पहाटे कारखान्याचा भोंगा झाला आणि मी अंथरुणातून उडालेच. आमच्या गावात एवढ्या मोठ्याने फक्त वाघ ओरडायचा, तोही रोज नाही. पुढे सवय झाली. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत फारशा कोणाकडे घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की पुरुषांनी उठायचं, पुढचा झाला की फाटकात शिरायचं, त्याच्या पुढचा झाला की बायांनी चुलीवर भात चढवायचा. त्या भोंग्याला आमच्या घरात एकच माणूस जुमानत नसे, तो म्हणजे माझा नवरा. त्यांना मीच हलवून उठवायची.

सुरुवातीला मला वाटायचं, आपल्या नशिबी कुंभकर्ण आलेला दिसतो. मी त्यांना तसं तोंडावर म्हणायची आणि ते हसायचे. मग एका संध्याकाळी ते दारात बसले होते. मी मागे उभी राहून चहा घेता का म्हणून विचारलं. पुन्हा विचारलं. ते तसेच बिडी ओढत बसले. शेवटी समोर जाऊन कप धरला तेव्हा म्हणाले, अवं, आवाज तं देत जा. त्यानंतर मी कुंभकर्ण म्हणणं सोडून दिलं.

ते चिपरवर होते. जंगलातून आलेला बांबू ज्या यंत्रात घालून त्याचे तुकडे करतात, त्याला चिपर म्हणत. मी ते यंत्र कधी पाहिलं नाही, पण वारा त्या बाजूने असला की आमच्या लाइनीत त्याची घरघर यायची, आणि ती ऐकून मला वाटायचं की एवढ्या लांबून हे असं आहे, तर जो दिवसभर त्या यंत्राच्या तोंडाशी उभा असतो त्याचं काय. कानात कापूस घाला म्हटलं तर म्हणाले, मग मुकादमाची हाक कशी ऐकू येईल? तशीही ती येत नव्हतीच. ते मुकादमाच्या हाताकडे बघून काम करायचे आणि सगळ्याला हो म्हणायचे. कान गेलेत हे कळलं तर यंत्रावरून काढतील, यंत्रावरून काढलं तर कामावरून काढतील आणि काम गेलं की क्वार्टर जाईल. हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघांनाही पाठ होतं. लाइनीतल्या भिंती पातळ होत्या. भिंतींना कान असतात म्हणतात ते आमच्याकडे खरं होतं, म्हणून मी त्यांच्याशी बोलतानासुद्धा आवाज चढवायची नाही. खुणा करायची.

एकदा मी तापाने फणफणले आणि त्यांना उठवायला माझंच अंग उठलं नाही. त्या दिवशी ते पोचेस्तोवर फाटक बंद झालं होतं. साहेबाने बजावलं की पुन्हा असं झालं तर फाटकाकडे यायचंच नाही. आणि त्याच सुमाराला मला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं. त्यातून सुटका नव्हती. माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, तलावाच्या काठचं, मासेमारीवर जगणारं गाव. पाण्याच्या दिवसांत नदी भरली की पलीकडे नेणारा डोंगा बंद, आणि डोंगा बंद म्हणजे पलीकडचं जग बंद. माझे दिवस नेमके त्यात भरणार होते. म्हणजे मी तिकडे अडकणार आणि इकडे यांना उठवायला कोणी नाही. शेजाऱ्यांना सांगावं तर दार आतून बंद. बाहेरून ते दार फुटेस्तोवर ठोकलं तरी हे उठायचे नाहीत, उलट सगळी लाइन उठून बसायची आणि मग झाकली मूठ उघडायला किती वेळ?

त्यांचा एक मित्र कारखान्यात वायरमन होता. मी त्याला भाऊजी म्हणायची. गुपित माहीत असलेला तेवढाच एक माणूस. तो म्हणाला, आपण विजेवरचं गजराचं घड्याळ करू. मला आधी हसूच आलं. बहिऱ्यापुढे गजर! पण त्याचं डोकं वेगळ्या वाटेने चाललं होतं. आवाज नको, उजेड करू, असं त्याचं म्हणणं.

कुठूनसं एक जुनं, किल्लीचं टेबलघड्याळ आणलं. त्याची काच काढली, आकड्यांच्या पाटीवर उठायच्या वेळेला एक बारीक पितळी खिळा बसवला आणि बारक्या काट्याला तार जोडली. काटा फिरत येऊन खिळ्याला टेकला की जोड पुरा होणार आणि बाजेवरचा दिवा लागणार. दिवा लागला खरा, पण काटा खिळ्यात अडकला आणि घड्याळच बंद पडलं. खिळ्याच्या जागी टॉर्चमधली मऊ पट्टी आली. काटा तिला वाकवून पुढे जाऊ लागला. आता जमलं म्हणून दोघं खूश झाले. मी म्हटलं, अहो, पण हे चादर डोक्यावरून घेऊन झोपतात. आमच्याकडे मच्छर असा की सगळेच तसे झोपतात, दोघेही रोज तसेच झोपत असत, आणि तरी हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या पहाटे लागलेल्या दिव्याखाली त्यांचं चादरीतलं गाठोडं घोरत पडलेलं मी पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

मग हातोडा आला. भाऊजीने मला तो स्वयंपाकघराच्या दारात बसून समजावून सांगितला, कारण मी प्रश्न विचारून त्याचं डोकं खाल्लं होतं. लोखंडाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळायची. तारेतून वीज गेली की लोखंडाचा लोहचुंबक होतो आणि समोरची पट्टी ओढून घेतो. पट्टी ओढली गेली की तिचाच जोड सुटतो, वीज तुटते, लोखंड पुन्हा साधं लोखंड होतं आणि पट्टी मागे येते. मागे आली की पुन्हा जोड, पुन्हा ओढ. विजेची घंटी वाजते ती अशीच, पट्टीच्या टोकाची गोळी वाटीवर आपटत राहते. त्याने वाटी काढून टाकली आणि गोळी बाजेच्या लाकडावर आपटेल अशी बसवली. घंटीची ती गोळी बाजेला मुंगी चावल्यासारखी वाटली असेल. मग जाड लोखंड, जास्त तार आणि गोळीच्या जागी खरोखरचा छोटा हातोडा. काट्याची कटकटही त्याने सोडून दिली. गजर सुरू झाला की घड्याळामागची गजराची किल्ली आपोआप फिरते. तिला दोरा बांधला. किल्ली फिरली की दोरा गुंडाळला जाणार आणि दोन पट्ट्या ओढून एकत्र आणणार. मला हे फार आवडलं. एवढ्याशा दोऱ्याने एवढा माणूस उठायचा होता.

वीज बंद पडली तर काय, असं मी विचारलं. भाऊजी म्हणाला, "वहिनी, करंट गेला तं कारखानाबी बंद. मंग उठून भाऊ का करतीन?"

खरी पंचाईत परीक्षेच्या वेळी झाली. हातोडा ठोकू लागला की हे उठायचे, पण मीही त्याच बाजेवर. मी आधी जागी होणार, माझा कोपर त्यांना लागणार, मग हातोड्याने उठले की कोपराने, हे कोण सांगणार? म्हणून मी खाली चटईवर झोपायचं ठरलं आणि काही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही, असं भाऊजीने बजावलं. त्या पहाटे हातोडा सुरू झाला. बाज थरथरत होती, दोऱ्या करकरत होत्या आणि हे निवांत. मी दोन्ही हात पाठीखाली दाबून पडून राहिले. नुसतं बोट लावलं असतं तरी उठले असते. पण मी नसताना ते बोट कुठून येणार होतं? मी देवाचं नाव घेत राहिले. भोंगा झाला, लाइनीत दारं वाजू लागली आणि मला राहवलं नाही. मी त्यांना गदागदा हलवलं. उठल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना न विचारताच कळलं.

दोष बाजेच्या दोऱ्यांचा निघाला. सैल होत्या, सगळा हादरा पिऊन टाकत होत्या. त्या ओढून ताठ केल्या, हातोडा डोक्याकडच्या आडव्या लाकडाखाली नेला, आणि मग एका पहाटे माझ्या डोळ्यांदेखत ते चादर फेकून उठून बसले. मी चटईवरून पाहत होते. मला आनंद झाला. माझं काम आता लाकूड आणि तार करणार होती. त्या दिवशी मी भाऊजीला विचारलं, कानाचं असं काही करता येत नाही का? तो पट्ट्या पुसत होता. तो नुसता नाही म्हणाला आणि पुसत राहिला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे मला तेव्हाच दिसत होतं. पण म्हशीचं इंजेक्शन कोणाकडेच नव्हतं.

मी माहेरी गेले. तिथे विजेचा खांबही नव्हता. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "जावयाले उठवाले हातोडा? आमाले तं कोंबडा पुरते." ती हसली, बाबा हसले, मीही हसले. पण कोंबडा आरवला की मी जागी व्हायची आणि मनातल्या मनात ती किल्ली फिरवायची. दोरा गुंडाळला का, पट्ट्या टेकल्या का, त्यांना गंज तर नाही चढला, दोऱ्या पुन्हा सैल तर नाही झाल्या. तिकडे उठले असले तर इकडे कळायला मार्ग नाही, नसले उठले तरी नाही. पोटातलं पोर लाथा मारायचं आणि मी तळ्याकडे बघत पडून राहायची. नदी चढली, डोंगा ओढून काठावर पालथा घातला. माझा मुलगा झाला तो निरोपही त्यांना पाणी उतरल्यावर मिळाला. त्यांच्याकडून उलटा निरोप आला तो एवढाच, की सगळं बरं आहे. सगळं बरं आहे म्हणणाऱ्याचा मला आधीच राग यायचा. ते सगळ्यालाच हो म्हणणारे!

सव्वा महिना सरला, वाटा वाळल्या, आणि बाबा मला आणि बाळाला घेऊन निघाले. आईने बजावलं होतं की घरचा उंबरा लागेपर्यंत पोराचं तोंड उघडं टाकायचं नाही, गाडीत शंभर नजरा असतात. मी दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. बल्लारपूरला उतरताना कोणाच्या तरी ट्रंकेचा धक्का लागला आणि पोराने जो गळा काढला, तो काही केल्या थांबेना.

ते दुपारच्या उन्हात फलाटावर उभे होते. मला बघून त्यांचं सगळं तोंड हसलं. जवळ आले आणि पहिलं वाक्य तेच बोलले, जे ऐकायला मी इतके दिवस झुरले होते. "एक दिस बी उशीर नाई झाला," ते म्हणाले. मग सांगतच सुटले. हातोडा कसा चोख चालतो, भाऊजीने पट्ट्या कशा बदलल्या. मुकादम इतका खूश की दुसऱ्याचा खाडा झाला तर त्याच्याही पाळीला यांनाच बोलावतो, चिपरवर यांच्याशिवाय दुसरा माणूस मागतच नाही. मी हो हो करत होते. पोर माझ्या हातात किंचाळत होतं. फलाटावरची माणसं वळून बघत होती. एक म्हातारी म्हणाली की बाई, भूक लागली असेल त्याला.

त्यांनी दुपट्यावर वाकून पाहिलं. हात पुढे केला आणि लगेच आवरून घेतला.

"झोपून राह्यला वाट्टे," ते अगदी हळू म्हणाले. "राहू दे. उठवू नोको."

बाबा ट्रंक घेऊन मागे उभे होते. ते खाली बघू लागले. मी जाताना यांना थोडंफार ऐकू यायचं. कानाशी तोंड नेऊन बोललं तर यायचं. मी नसताना रोज वेळेवर उठून ते उरलेलं ऐकणंही त्या चिपरला देऊन आले होते. मला कारखान्याचा राग आला, भाऊजीचा आला, त्या हातोड्याचा आला. पण कोणाचं काय चुकलं म्हणून सांगू? काम सोडा म्हणावं तर खायचं काय, आणि घड्याळ फोडावं तर तेच.

आईचं बजावणं मी तिथेच मोडलं. दुपटं बाजूला केलं. पोराचं तोंड लालबुंद झालं होतं, डोळे मिटलेले, जबडा उघडा, आणि जीभ थरथरत होती. त्यांनी पाहिलं. मग एक बोट त्याच्या छातीवर ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले.

"कवापासून रडून राह्यला?" त्यांनी विचारलं.

गाडीतून उतरल्यापासून, असं मी खाली मान घालून म्हणाले. ते अजून माझ्याकडेच बघत होते. मग मी मान वर केली, तोंड त्यांच्यासमोर नेलं, ओठ हलवून पुन्हा सांगितलं.