वानखडे काकांची उलटतपासणी

वानखडे काकांच्या टीव्हीच्या खालच्या बाजूला जुन्या कॅलेंडरची एक पट्टी कायम चिकटवलेली असे. क्रिकेटचा स्कोअरही तिच्यामागेच जाई. काकू चिडायच्या, पण पट्टी काही हलत नसे. "वाचता आलं की कान झोपतेत," काका म्हणायचे.

पट्टीमागे पडद्यावरच्या इंग्रजी भाषांतराच्या ओळी लपवलेल्या होत्या आणि वर चालू असे एक जपानी गुप्तहेराचं कार्टून. दर भागात नवा खून, अर्ध्या तासात खुनी हजर. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच भरवलं. बेसा वस्तीत आमची दारं समोरासमोर. मी तेव्हा जपानीच्या परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात दोनदा आपटले होते. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी जपानात, जावई तिकडचाच, आणि पाच वर्षांच्या नातीला, हानाला, जपानीशिवाय काही येत नव्हतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती भरभरून बोलायची. एकदा कॉल संपल्यावर काका माझ्याकडे आले. "लेकरू मले काही सांगून राहिलं वं, अन् मी नंदीबैलासारखा मान हालवून राहिलो. मले शिकव."

मग रोज संध्याकाळी सातला आमची ड्यूटी सुरू झाली. एकच भाग तीनदा ऐकायचा. वीज केंद्रातल्या सवयीने काका रजिस्टर घेऊन बसत: तारीख, वेळ, मयत कोण, संशयित कोण, नवे शब्द किती. मी कंटाळून पट्टी उचलायला गेले, की हातावर चापट बसे. "काहून घाई करून राहिली वं? मशीन बिघडायच्या आधी आवाज देते. तो ऐकू येईस्तोवर थांबा लागते." मी दुसऱ्याच आठवड्यात वैतागले होते, पण ते थांबत राहिले.

सहा महिन्यांनी एका रविवारी काकांनी घसा खाकरला आणि नातीला स्वतःचं पहिलं जपानी वाक्य ऐकवलं, "काल संध्याकाळी सात वाजता तू कुठे होतीस?"

मी कपाळावर हात मारला. माणसाला 'जेवलीस का' येत नव्हतं. दोर, विष, बंद खोली मात्र तोंडपाठ!

पण हाना ताठ बसली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आंघोळ करत होते. साक्षीदार आई."

काकांना शब्दन् शब्द कळला. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. रजिस्टरात त्या दिवशी एवढंच लिहिलं: सगळं समजलं.

तेव्हापासून दर रविवारी उलटतपासणी होऊ लागली. शेवटी हानाची पाळी असे, "आणि आजोबा, तुम्ही कुठे होतात?" काका म्हणत, "घरी, टीव्ही पाहत. साक्षीदार शेजारची ताई." मग मी मागून हात वर करायचा, असा नियमच होता.

गेल्या उन्हाळ्यात काकांना धंतोलीच्या दवाखान्यात हलवलं आणि आठ दिवसांत ते गेले. मुलगी एकटीच आली. तेरवी झाल्यावरच्या रविवारी हानाचा कॉल आला. आजोबा गेल्याचं तिला सांगितलेलं होतं. मुलीने फोन माझ्या हातात दिला. हानाने मला नीट पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, "काल संध्याकाळी सात वाजता आजोबा कुठे होते? साक्षीदार तूच ना?"

ती परीक्षा मी केव्हाच पास झाले होते. तरी एक जपानी शब्द सुचेल तर शपथ. मी नुसता हात वर केला.