कायम संमतीचा कागद

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे मी मानत नाही. इतिहासात एम.ए. केले त्याला पस्तीस वर्षे झाली, आणि त्यानंतर हातून लिहिले गेले त्या वाणसामानाच्या याद्या आणि पत्रे. तेव्हा या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माझी इराणी शेजारीण सुखरूप परत आली आहे, हे आधीच सांगून टाकते. एरवी मला पुढचे धड लिहिता यायचे नाही.

आम्ही सौदी अरेबियात थुवालला, यांच्या विद्यापीठाच्या वसाहतीत राहतो. ती समोरच्या घरात एकटी राहते आणि समुद्रातील प्रवाळांवर संशोधन करते. दुसऱ्या एका देशाचे नागरिकत्व तिने घेतले आहे. नवरा तिकडेच असतो. दोघे विभक्त आहेत, पण घटस्फोट झालेला नाही. गेल्या हिवाळ्यात तेहरानमध्ये तिच्या आईचे हृदयाचे ऑपरेशन ठरले, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याचा निरोप आला : "जा खुशाल. परत कशी येतेस ते बघतो."

धमकी पोकळ नव्हती. इराणच्या कायद्याने नवरा बायकोला देशाबाहेर जाण्यापासून अडवू शकतो, आणि तिचा दुसरा पासपोर्ट तिथे चालत नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"खानुम, माझ्याकडे कागद आहे." बाईसाहेब या अर्थाने ती मला अशीच हाक मारते.

लग्न ठरताना तिच्या आईने अट घातली होती : मुलीच्या प्रवासाला नवऱ्याची कायमची संमती, सहीशिक्क्यानिशी. त्यालाही कारण होते. आजीच्या काळी पडद्याला बंदी आली, तेव्हा पोलिसाने भर रस्त्यात आजीच्या डोईवरची चादर ओढून काढली. आई तरुण असताना पडद्याची सक्ती होऊ लागली, तेव्हा ती हजारो बायकांबरोबर निषेधाला रस्त्यावर उतरली. एकीला काढ म्हणाले, दुसरीला घाल म्हणाले. विचारले दोघींनाही नाही. म्हणून मुलीच्या वेळी आईने तोंडी शब्दावर भिस्त ठेवली नाही.

"पण लग्नाआधीच असे लिहून घ्यायचे? अविश्वास नाही का तो?"

"मलाही लाज वाटली होती. सासू म्हणाली, मुलगी नांदायला येते आहे की पळायला?" ती हसली. "तुमच्याकडे काहीच लिहीत नाहीत?"

मी तिला याद्यांविषयी सांगितले. दोन्हीकडची वडील मंडळी बसतात; मानपान, साड्या, जेवणावळी, सारे कागदावर उतरते आणि खाली सह्या होतात. माझ्या यादीत विहीणबाईंच्या पैठणीचा रंगसुद्धा होता.

"आणि तुझे काय होते त्यात?"

मला तेव्हा पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता. 'त्याचं नंतर बघू,' असे ठरले होते. तोंडी.

ती गेली. तिच्या कुंड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. फोन वाजला नाही की मी झारी घेऊन समोर जात असे. शेवटी हे म्हणाले, "अगं, पुरे! कुजतील ती रोपं."

आईचे ऑपरेशन नीट पार पडले, पण तिच्या नवऱ्याने खरोखरच अर्ज करून तिच्या देशाबाहेर जाण्यावर बंदी आणली होती. तिच्या वकिलाने तो जुना कागद पुढे केला. दहाव्या दिवशी बंदी उठली. बाराव्या दिवशी दुबईहून फोन आला.

"खानुम, सुटले. चहा ठेव."

मी विचारले, "आईला कळवलंस?"

"तिलाच आधी. म्हणाली, तरी मी त्या दिवशी शिक्का दोनदा मारायला लावला होता."

जेद्दाहच्या विमानतळावर तिला आणायला मी स्वतः गाडी घेऊन गेले. इथे बायकांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली, त्यानंतर मी शिकले. इतक्या लांब मात्र प्रथमच. परतताना ती शेजारी गाढ झोपली. मांडीवरच्या पिशवीवर तिचे दोन्ही हात होते. मला इतके हलके वाटत होते की आमच्या घराकडचे वळण चुकून मी थेट समुद्रापर्यंत गेले.

आता ती पुन्हा प्रवाळांकडे वळली आहे, आणि मी या वहीकडे. एकच विचारते : तुमच्या लग्नाच्या यादीत तुमच्यासाठी काय लिहिले होते?