भिंगरीताईची नकारांची यादी

भिंगरीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बेकऱ्यांना पीठ मळायची मशिनं विकत ती सव्वीस वर्षं दारोदार फिरली, एका जागी म्हणून कधी टिकली नाही, तेव्हा ऑफिसने तिला हे नाव बहाल केलं. वय त्रेपन्न, एक गुडघा कुरकुरणारा, खांद्याला कॅटलॉगची पिशवी. आणि अशा बाईला साहेबांनी काय सांगावं? शुक्रवार संध्याकाळपर्यंत नव्या सॉफ्टवेअरमधून एक तरी ऑर्डर आणा, नाहीतर सोमवारपासून फिरणं बंद, आत फोनच्या टेबलावर बसायचं.

साहेब माणूस वाईट नव्हता हो. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा, पण हौस दांडगी. ऑफिसातल्या सगळ्या जुन्या नोंदी त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्या होत्या. गाव, कामगार किती, शेवटचं बोलणं कधी झालं, हवी ती चाळणी लावा आणि हवं ते गिऱ्हाईक शोधा. आता झालं काय, सहाही विक्रेत्यांनी एकच चाळणी लावली: मोठी बेकरी, पन्नासच्या वर कामगार, जवळचं गाव. वर आल्या चाळीस बेकऱ्या, आणि सगळे त्या चाळीसांवर तुटून पडले. बुधवारी ताईने एका मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, "तुमच्या ऑफिसातला आजचा हा चौथा फोन. आधी आपसात ठरवा, मग मला छळा." अक्कल गहाण ठेवून काम केल्यावर दुसरं काय होणार?

संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "अगं, बसलीस फोनवर तर काय बिघडलं? गुडघ्याला आराम."

"गुडघ्याला आराम, आणि माझं काय हो?"

त्याने तिच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा पडद्यासमोर बसली, तोंड पाडून. कोपऱ्यात एक बारीक चौकट दिसली: 'नकार दिलेले वगळा'. चौकटीत बरोबरची खूण आधीपासूनच होती. बाकीच्या चाळण्यांबरोबर तिने तीही काढली मात्र, चाळीसाचे एकोणतीसशे झाले, बहुतेक सगळे नकारवाले. ताई खुर्चीत सरसावून बसली. एवढे नकार आले कुठून? आणि मग तिला आठवलं. जुन्या छापील फॉर्मवर दोनच रकाने होते, होकार आणि नकार. 'आत्ता नको' म्हणणाऱ्याला जागाच नव्हती. तीनदा फोन उचलला नाही, टाक नकारात. मालक बाहेरगावी गेलाय, टाक नकारात आणि सुटायच्या वेळेला घरी जा. सगळे तेच करायचे. तिनेही केलं होतं, शेकडो वेळा.

फरक एवढाच, की तिला शेरा लिहायची खोड होती. बाकीचे शेऱ्याची जागा कोरी सोडत. ही लिहायची, मालक बोलका आहे, भट्टी मागच्या बाजूला, मुलीचं लग्न ठरलंय. 'भिंगरीताईच्या कादंबऱ्या' म्हणून लोक खी खी हसायचे. आता तिने शेऱ्यात शोधायच्या जागी एकच शब्द लिहिला: 'नुकतंच'. वर्ष टाकलं आठ वर्षांपूर्वीचं, कारण पीठ मळायचं मशीन साधारण आठ वर्षं दम धरतं, मग त्याची दातेरी चाकं झिजतात. एकोणतीसशेतून उरल्या एकोणीस नोंदी. एकोणीसही तिच्याच. तिला कोण आनंद झाला. पहिलीच नोंद होती: 'मशीन नुकतंच घेतलंय. मालक हट्टी पण सरळ. हे आठ वर्षांत थकेल असं सांगून आले.'

तिने पिशवी उचलली.

"ताई, निघालात कुठे? आधी फोन तरी करा," साहेब म्हणाला.

"फोनवर सोमवारपासून बसायचंय ना? मग आज जाऊन येते."

कुरकुरणारा गुडघा त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. बेकरीच्या दारातच तिने ऐकलं, आत मशीन खडखडत होतं. मालकाचे केस पांढरे झाले होते, हात कोपरापर्यंत पिठात. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, त्या आठ वर्षांवाल्या तुम्हीच ना?"

"ओळखलंत?"

"वाट बघतोय तुमची. तुमचं कार्ड या पिठाच्या पसाऱ्यात कधीच हरवलं. वर्षभरात दोघं विकायला येऊन गेले. म्हटलं नको, मशीन कधी थकणार ते त्या बाईने तोंडावर सांगितलं होतं. घेईन तर तिच्याकडूनच."

ताईला खोटं बोलवेना. "आमच्याकडे तुमचा नकार लिहिलाय," ती म्हणाली.

"नकार?" म्हातारा चांगलाच दुखावला. "मी आत्ता नको म्हणालो होतो, बाई."

ऑर्डरवर सही झाली, पण ते वाक्य तिच्या मनातून काही जाईना.

शुक्रवारी सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती जमलं. कुठली चाळणी लावलीत ताई, आम्हालाही सांगा. तिने सांगून टाकलं, हातचं काही राखलं नाही. पाचही जण आपापल्या जागी धावले, आपापले जुने नकार उघडले आणि शेऱ्यात शोधायला लागले. शेरे कोरे. एकजण हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या कादंबऱ्यांतलं एखादं पान द्या ना." तिला हसू आवरेना, आणि राहिलेल्या अठरा नोंदींपैकी पाच तिने वाटून दिल्या. साहेबाने तिथल्या तिथे सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून तिसरा रकाना मागितला.

सोमवारी फोनच्या टेबलावर कुणीच बसलं नव्हतं. ताई पिशवी घेऊन उरलेल्या तेरांच्या मागे निघालीच होती, पण दारातून परत आली. बेकरीची नोंद उघडून तिने 'नकार' काढला, 'होकार' केला आणि शेऱ्यात लिहिलं: 'मालक आठ वर्षं थांबले. चूक माझी.'