जाऊबाईंचा एक तास

मला राग आला की मी बोलत नाही. मनात ठेवते आणि बरेच दिवस ठेवते. हे घरात कोणाला माहीत नाही, म्हणून वहीत लिहिते.

भिसेगावात आमचं आणि थोरल्या जाऊबाईंचं घर एकाच भिंतीला आहे. त्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आल्या आणि रोज पहाटे पाच ते सहा बसू लागल्या. सहाला त्यांच्या मोबाईलची घंटा वाजते, ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. मीही तेव्हा बसायला लागले होते. दहाच मिनिटं, नुसता श्वास बघत. बरं वाटायचं.

एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एका बाईने मला विचारलं, तू किती वेळ बसतेस. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "तिला काय इचारता? चौथी शिकलेली हाय ती. दहा मिन्टांत उठून चुलीकडं पळते. ध्यान म्हंजे काय चहा हाय उकळायला?" सगळ्या हसल्या. मी सतरंजीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, आपणही पाचला बसायचं आणि त्यांची घंटा वाजेपर्यंत उठायचं नाही. घंटेनंतर आणखी पाच मिनिटं बसायचं. पाय बधिर व्हायचे, कंबर धरायची आणि श्वास बघायला जावं तर जाऊबाईंचं तोंड दिसायचं. उठले की घर अंगावर यायचं. कंगवा सापडेना म्हणून मुलीवर ओरडले. डब्याचं झाकण बसेना, तर ते जमिनीवर आपटलं. नवरा म्हणाला, "तू ध्यान करतेस का भांडणाची तयारी?" मग त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

पळसदरीच्या एका बंगल्यावर मी स्वयंपाकाला जाते. तिथे झाडलोट करणारी म्हातारी खूप वर्षांपासून ध्यानाला बसते. एकदा मला कांदा चिरताना बघून म्हणाली, "बाय गं, त्या कांद्यानं तुजं काय केलंय?" मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तास कशाला? चिडचिड व्हायच्या आधी उठायचं. पंधरा मिन्टं बस. उद्या परत बसावंसं वाटलं पायजे. आन मधीच राग आला तर त्याला ढकलू नको. राग आला, येवढंच म्हणायचं आन परत श्वासाकडं यायचं."

मला पटलं. पण पंधरा मिनिटांत उठायचं म्हणजे जाऊबाईंचं बोलणं खरं करायचं. मी तासच धरून बसले.

एका पहाटे नळ लवकर आला आणि अंगणात त्यांचा पिंप भरून वाहू लागला. सांगायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं. जाऊबाई आसनावर होत्या, पाठ आमच्या भिंतीला, तोंड उघडं. घोरत होत्या. समोर मोबाईलवर मिनिटं पळत होती.

मी दार लोटलं, नळ बंद केला आणि घरी येऊन बसले. एका झोपलेल्या बाईसाठी मी तीन आठवडे स्वतःचे पाय बधिर केले होते.

पुढच्या पौर्णिमेसाठी मी एक वाक्य पाठ केलं. "ताई, घोरताना श्वास कुठं बघता?" रोज बसल्यावर तेच घोळवायचे. पौर्णिमेला त्या समोर बसल्या आणि मी वाक्य तसंच घरी परत आणलं. माझं नेहमी असंच होतं.

मग मी खलबत्ता त्या भिंतीशी नेऊन ठेवला. आता पहाटे पंधरा मिनिटं बसते, पाय दुखायच्या आत उठते आणि लसूण-खोबरं कुटायला घेते. भिंतीशी बसलं की पलीकडचं घोरणं ऐकू येतं. आलं की जोरात कुटते. थांबलं की हळू. जाऊबाईंना तक्रार करता येत नाही, कारण कितीही आवाज झाला तरी खरा साधक हलत नाही, असं त्यांनीच विहारात सांगितलेलं आहे. नवरा म्हणतो, "आणखी किती दिस चटणी?" मी म्हणते, सरेपर्यंत.

आता त्यांना खराच तास काढावा लागतो. सहानंतर पलीकडे भांडी आपटतात, मुलांवर आरडाओरडा होतो. मी चहा घेत ऐकते. सावकाश घेते.

परवा त्या ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "पाय लई दुखतात गं. उठलं का दिसंल त्याच्यावर खेकसते. तुला नाय होत असं? तू किती बसतेस आता?"

म्हातारीचं सगळं बोलणं जिभेवर आलं होतं.

"तासभर," मी म्हटलं. "त्याच्यापेक्षा कमी बसून काय उपेग, ताई?"

"खरं हाय," म्हणत त्या परत गुडघे चोळू लागल्या.

दुसऱ्या पहाटे पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं, तिथे माझा आवाज खाली गेला. पण म्हटलं. मग पंधरा मिनिटं बसले. राग आला, असं एकदाही म्हणावं लागलं नाही.