दुसरी डिस्क

उस्मानपुऱ्यातला आमचा कॉम्प्युटरवाला गिऱ्हाइकाचे फोटो कॉपी करताना स्क्रीनकडं पाठ करून बसायचा. क्लाउडचं नाव काढलं की चिडायचा. "काका, पाणी आन् आठवणी आपल्याच घरात पायजेत. दुसऱ्याच्या टाकीचा काय भरोसा?"

माझ्या गेलेल्या वडिलांचा आवाज त्यानं दोन हार्डडिस्कवर भरून दिला. "एक चितेगावला बहिणीकडं ठेवा, बरं का." मी हो हो म्हणालो आणि आळसापायी दोन्ही आमच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवल्या. दुष्काळात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. एकदा ड्रम भरायला लावून मी विसरलो. ड्रम वाहिला, पाणी कपाटात शिरलं.

ओल्या डिस्क त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसल्या. आठ दिवस खटपट केली. आवाज निघाला नाही.

"बहिणीकडची बी भिजली?"

"हो ना, तिचाही ड्रम वाहिला," मी ठोकून दिलं.

परवा दुकानात गेलो, तर एका बाईंना सांगत होता, "ताई, घरातलं काय टिकत नाय. क्लाउडवरच टाका." आणि साक्षीसाठी त्यानं माझ्याकडं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.