मिठाखालचा दाब

आमच्या शेजारच्या चिखलसाहेब काकांच्या घरी कुकरची शिट्टी काट्याने उचलायला सक्त मनाई होती. वाफ आपणहून जिरेपर्यंत भात मिळायचा नाही, मग पाहुण्यांची गाडी चुकली तरी बेहत्तर. उल्हासनगरच्या बाजारात कुकरची रबरी रिंग घेताना ते इतके प्रश्न विचारत, की दुकानदार शेठ एकदा म्हणाला, "साहब, दाल पकानी है या रॉकेट छोडना है?" काका गंभीरपणे म्हणाले, "दोन्हीला रिंग चांगलीच लागते."

बदलापूर गावात त्यांना खऱ्या नावाने ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. आखातातल्या तेलविहिरींवर ते मड इंजिनिअर होते. विहीर खोदताना आत जड चिखल सोडतात. खालून उसळू पाहणाऱ्या पाण्याला आणि गॅसला तो दाबून धरतो. तो हलका पडला तर विहीर उसळते, फार जड झाला तर खडक फुटतो. किती जड ठेवायचा, हे काका ठरवत. गावाने या सगळ्या विद्वत्तेचं सार काढून त्यांचं चिखलसाहेब करून टाकलं.

मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा शेजारच्या या काकांनी मला परस्पर शिष्या करून घेतलं. होळीला काकू पुरणपोळ्या लाटत होत्या, तर ते मला ओट्याशी घेऊन गेले. "बघ, दाबलं की पुरण कसं सरकतं. खोलवर मिठाचा थरही असाच सरकतो आणि ड्रिलचा पाइप आवळून धरतो. पण भेग पडू देत नाही. मग खालचं पाणी कोंडतं आणि वरच्या सगळ्या गाळाचं ओझं त्याच्या डोक्यावर येतं." तेवढ्यात पोळी फुटली. काकूंनी आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.

एवढा बोलका माणूस आपल्या शेवटच्या विहिरीबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे. ते काकूंनीच मला सांगितलं. मिठाचा थर संपत आला असताना काकांनी खोदाई थांबवायला लावली होती. खाली भयंकर दाब असणार, चिखल आणखी जड केल्याशिवाय पुढे जायचं नाही, म्हणाले. रिग, म्हणजे खोदाईची ती सगळी अवाढव्य यंत्रणा, नुसती उभी ठेवायची म्हणजे पाण्यासारखा पैसा. कंपनीने काकांनाच घरी पाठवलं आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस आणला. पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जुन्या सोबत्यांचा फोन वाजला की ते आंघोळीला जात, सकाळी झालेली असली तरी.

मला वाटे, आपण बरोबर होतो एवढं तरी या माणसाला कळायला हवं. पुढे मीही तेलाच्याच धंद्यात नोकरीला लागले आणि तिथे त्या रिगवर काम केलेले एक गृहस्थ भेटले. त्यांचं ऐकून माझं तोंडच उतरलं. तिथल्या मिठाच्या थराला एका बाजूला खिंडार होतं. कोंडलेलं पाणी फार पूर्वीच तिथून निसटलं होतं. दाब अगदी साधा निघाला, विहीर सुरळीत पार पडली. म्हणजे काकांची नोकरी चुकीच्या अंदाजापायी गेली होती.

तोवर काकांना अंबरनाथला एका हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. खोटं बोलायचं, असं ठरवूनच मी गेले. तुमच्या रिगवरचे एकजण भेटले, एवढं बोलले मात्र, काकांनी माझा हात घट्ट धरला. त्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना.

"काका, खाली दाब नव्हता."

त्यांनी उशीवरून मान उचलली. "नक्की? कुणाला काही झालं नाही?"

"कुणालाच नाही. सगळे सुखरूप घरी गेले."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "माझ्या जागी आलेला पोरगा अगदी नवखा होता गं. इतकी वर्षं मी त्याला मेलेलाच धरून चाललो होतो."

मग ते उशाशी बसलेल्या काकूंकडे वळले. "अगं, ऐकलंस का, मी चुकलो होतो," म्हणाले, आणि हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.