शेवंतीचे जादा तास

आमच्या अंगणातील शेवंती फुलू नये, याची चोख व्यवस्था मी स्वतः केली होती. कोणाचीच मदत झाली नाही असे म्हणता येणार नाही; परंतु नियोजन माझे होते.

प्रथम पार्श्वभूमी समजून घेऊ. नाशिक रोडला आमचे लहानसे घर आहे आणि त्याच्या तीन बाजूंना माझी पत्नी नलिनी हिची फुलबाग आहे. (चौथ्या बाजूला पाण्याची गळकी टाकी आणि माझी बंद पडलेली स्कूटर आहे. ही बाजू लक्षात ठेवावी. तिच्यावर पुढे प्रश्न येणार आहे.) गेल्या पावसाळ्यात आमच्या अनघाचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई, वंदनाताई, टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली शेवंतीची रोपे घेऊन आल्या.

"नलिनीताई, ही माझ्या माहेरची शेवंती. आई गेल्यावर तिथून एवढंच आणलं मी. मार्गशीर्षात फुलते. साखरपुडा तुमच्या या अंगणातच करू, आणि याच फुलांची वेणी मी अनघाच्या केसांत माळीन."

"बाजारचं एक फूल दारात येणार नाही," नलिनीने शब्द दिला. तिचे डोळे पाणावले होते. तो शब्द पाळणे आता तिच्या हाती होते, म्हणजे शेवंतीच्या हाती होते, म्हणजे दुर्दैवाने माझ्या.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वंदनाताई एके काळी माझ्या वर्गात होत्या. मी विज्ञान शिकवत असे. त्यामुळे व्याही असूनही मी त्यांचा 'सर'च राहिलो, आणि त्यांना 'अहो' म्हणावे की 'अगं', हे न ठरल्यामुळे मी त्यांच्याशी "चहा चालेल ना?" एवढेच बोलत असे.

रोपांची मी रीतसर गुणानुक्रमे विभागणी केली. सशक्त रोपे पुढच्या वाफ्यात लावली. एक रोप मात्र काडीसारखे होते. ते फुटक्या कुंडीत घालून मागे टाकीखाली ठेवले.

"त्याला का तिकडे?" नलिनीने विचारले.

"नापास आहे ते."

नवरात्रात मी फाटकाच्या खांबावर मोठा एलईडी दिवा बसवून घेतला; रोज झोपेपर्यंत तो चालू असे. साखरपुड्याला बाग उजळून दिसावी, हा हेतू. दिवाळी झाली. शेवंतीला पाने आली, भरपूर आली, कळी मात्र एकही नाही.

"अहो, मागच्या गल्लीतल्यांची शेवंती कळ्यांनी भरलीय."

"त्यांची जात वेगळी असेल."

"पोत तोच, माती तीच. मला काळजी वाटते हो. वंदनाताईंच्या आईची आठवण आहे ती."

मी विचार केला. वनस्पती प्रकाशात अन्न तयार करते. जास्त प्रकाश, म्हणून जास्त अन्न; जास्त अन्न, म्हणून जास्त फुले. मागे पडलेल्या मुलांचे मी नेहमीच जादा तास घेत असे. तेव्हापासून आमचा दिवा रात्रभर जळू लागला. तरीही कळी दिसेना, म्हणून मी दुसरा दिवा लावला.

समोरचे कुलकर्णी विचारायला आले. "सर, दिवे किती वाजता बंद करता?"

"करत नाही."

"तरीच. आमचा नातू झोपत नाही. म्हणतो, आजोबा, अजून दिवस आहे."

साखरपुडा जवळ आला तसे नलिनीचे जेवण कमी झाले. ती भाजी चिरता चिरता उठून अंगणात जाई आणि पाने बाजूला सारून पाही. एकदा अनघा म्हणाली, "बाबा, आई संध्याकाळी टॉर्च घेऊन कळ्या शोधत होती."

"टॉर्च कशाला? एवढा उजेड आहे ना."

अनघाने माझ्याकडे पाहिले. उत्तर बरोबर, पण प्रश्न समजलेला नाही, अशा विद्यार्थ्याकडे मी जसे पाहत असे, तसे.

याच सुमारास सायखेड्याहून नलिनीचा धाकटा भाऊ दत्तू आला. त्याची द्राक्षबाग आहे. त्याने पिशवीतून फवारणीच्या औषधाची एक बाटली काढली. "दाजी, आमच्या घडांना हेच मारतो. मणी कसा लांबतो बघा."

"फुलझाडांना चालते का?"

"त्याला काय माहीत, फूल हाय का द्राक्ष?"

वास्तविक या उत्तरात विज्ञानाचा अंशही नव्हता. तरीही मी फवारणीचा पंप आणला. परिणाम मात्र झाला. शेवंती लांबली! गुडघ्याची ती कमरेला आली आणि कमरेची होऊन वाऱ्यावर झुलू लागली. टोकाला काहीच नाही. उंची वाढलेली आणि डोके रिकामे, असे विद्यार्थी मी पाहिले होते. परंतु अख्खा वर्ग तसा प्रथमच पाहत होतो.

"दत्तू, अरे काय केलंस हे?" नलिनी म्हणाली.

"ताई, वाढलीय तर. लय भारी वाढलीय."

"मला वाढ नको, वेणी हवीय." एवढे बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशी मला प्रथमच खरी भीती वाटली.

साखरपुड्याच्या सकाळी ती ओटीचे ताट लावत असताना दत्तूने मला फाटकाबाहेर नेले. "दाजी, फुलं आणू अन् काड्यांना बांधू. आम्ही घडांना कागद बांधतो, तसं."

"नलिनीने शब्द दिला आहे."

"शब्द ताईनं दिलाय. आपण कुठं दिलाय?"

बाजारात फुलवाल्याने विचारले, "कुठला रंग?"

ही शेवंती आमच्यापैकी कोणीच फुललेली पाहिली नव्हती. "शेवंती पिवळी असते," मी अधिकारवाणीने सांगितले.

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली, तेव्हा शेवटची गाठ बसत होती. पुढचा वाफा पिवळाधमक झाला होता. नलिनी लगबगीने बाहेर आली, वाफा पाहून थबकली, क्षणभर तिचा चेहरा फुलला आणि मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. माझ्या बोटाला हिरवा दोरा अडकलेला होता.

वंदनाताई सरळ वाफ्यापाशी गेल्या. वाकल्या. त्यांनी एका फुलाला हात लावला आणि ते दोऱ्यासकट त्यांच्या हातात आले. दत्तू आकाशात ढग शोधू लागला.

"सर," त्या म्हणाल्या, "माझी शेवंती पांढरी आहे."

नलिनीने पदर तोंडाला लावला. वंदनाताईंची नजर खांबाकडे गेली. दोन्ही दिवे भरदिवसाही चालू होते. (विसरलो नव्हतो. शेवटची उजळणी चालली होती.)

"हे दिवे कधीपासून?"

"नवरात्रापासून."

"रात्रभर?"

"जादा तास," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"सर, शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. उजेड पडला की ती नुसती पानं काढते. तुम्हीच शिकवलंत. मला उत्तर आलं नाही, म्हणून तुम्ही मला तासभर बाकावर उभं केलं होतं. तेव्हापासून विसरले नाही." मग त्या नलिनीकडे वळल्या. "एखादं रोप अंधारात राहिलंय का हो?"

नलिनीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. पुढच्या क्षणी ती पैठणीचा ओचा सावरत घराला वळसा घालून धावत सुटली. आम्ही मागोमाग.

टाकीखाली, दिव्याच्या आड आणि गळतीच्या पाण्यावर, नापास रोप पांढऱ्याशुभ्र फुलांनी लवून माझ्या स्कूटरच्या सीटवर टेकले होते. त्याला कोणी खत घातले नव्हते, फवारले नव्हते की शिकवले नव्हते.

नलिनी तिथेच खाली बसली. हसत होती की रडत होती, ते मला ठरवता आले नाही. "अहो, बघा तुमचं नापास पोरगं."

वंदनाताईही शेजारी टेकल्या. दोघींनी तिथेच वेणी केली, आणि ती माळली जात असताना वंदनाताई अनघाच्या कानात आपल्या आईविषयी काही बोलल्या. ते मला ऐकू आले नाही, कारण तोपर्यंत मला काम मिळाले होते. "सर, तेवढे दिवे आधी उतरवा," असा आदेश झाला होता.

त्या समारंभाचे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. मध्यभागी अनघा, केसांत पांढरी वेणी, दोन्ही बाजूंना दोन्ही आया. मागे शिडीवर चढलेली एक व्यक्ती खांद्यापर्यंत दिसते. तो मी. सगळ्यांत उंच मीच आहे, असे दत्तू प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. डोके मात्र चौकटीत आलेले नाही. आणि ज्यांना हे प्रकरण ठाऊक आहे, त्यांना चित्रात काही कमी आहे असे वाटत नाही.